कॉम्प्युटरवर घाणेरड्या जाहिराती येतात, संशय भाच्यावर जातो

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई सांगलीत विश्रामबागला राहतात आणि घरीच मराठी टायपिंगची कामं घेतात. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात. घरात सासूबाई, आठवीतली मुलगी आणि जूनपासून अकरावी सायन्ससाठी राहायला आलेला नणंदेचा मुलगा. नणंद जत तालुक्यात असते. हॉलमधला एकच कॉम्प्युटर सगळे वापरतात. गणपतीच्या आधीपासून क्रोम उघडलं की गुगलऐवजी भलतंच सर्चचं पान येतं, वर हवामान, कूपन असल्या बटणांची एक पट्टी दिसते आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात अश्लील चित्रांच्या जाहिराती उमटतात. त्यातली एक मुलगी शाळेचा प्रकल्प करत असताना, सासूबाईंच्या देखत आली. कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "घरात कुणीतरी नको त्या साइट बघतंय, फॉरमॅट मारावा लागेल, दीड हजार होतील." ताईंनी भाच्याला काही न विचारता वाय-फायचा पासवर्ड बदलला. तेव्हापासून तो हॉलमध्ये बसत नाही, जेवण झालं की उठून जातो. ताई विचारतात: वन्संना हे सांगायचं का? मुलाला होस्टेलवर ठेवा म्हणायचं का? आणि फॉरमॅट मारून घ्यायचा का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या काळजीकडेच लक्ष गेलं. तेरा वर्षांची मुलगी, शेजारी सासूबाई, आणि कोपऱ्यात ते चित्र. कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी एका वाक्यावर अडले. पत्र संपता संपता तुम्ही लिहिलंय, "श्रावणात एका सरांचा प्रबंध पीडीएफवरून वर्डमध्ये करायचा होता म्हणून फुकटचं कन्व्हर्टर टाकलं होतं, तेही हल्ली नीट चालत नाही." तुम्ही हे कामातली आणखी एक अडचण म्हणून लिहिलंत. मला वाटतं, तुमच्या बाकीच्या पत्राचं उत्तर बहुधा याच वाक्यात आहे.

त्याकडे येतेच. आधी तुमचा तर्क बघू, कारण तो विचार करून मांडलेला आहे. तुम्ही म्हणता, फोनवर एकदा मिक्सर बघितला तर आठ दिवस मिक्सरच दिसत राहतात. मग कुणी तसलं काही बघितल्याशिवाय तसल्या जाहिराती कशा येतील? फोनच्या बाबतीत हे बरोबर आहे. मोठ्या जाहिरात कंपन्या आपण काय शोधलं याची नोंद ठेवतात आणि त्यावरून माल दाखवतात. पण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलंय ते वेगळं. त्याला अ‍ॅडवेअर म्हणतात, म्हणजे जाहिराती दाखवण्यासाठीच मशीनमध्ये घुसवलेलं सॉफ्टवेअर. समोर कोण बसलंय याच्याशी त्याला बहुतेक वेळा काही देणंघेणं नसतं. जितक्या वेळा जाहिरात झळकेल आणि जितक्या वेळा तिच्यावर क्लिक होईल, तितके पैसे कुणाच्या तरी खात्यात पडतात. मोठ्या कंपन्या ज्या जाहिराती नियमाने नाकारतात, त्या या मागच्या दाराने येतात: उघडी चित्रं, जुगार, वजन उतरवायच्या गोळ्या, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १७ व्हायरस सापडले' असली खोटी भीती. हीच आमिषं सरसकट सगळ्यांपुढे टाकली जातात. ज्यांच्या घरी कॉम्प्युटरवर हरिपाठ आणि पंचांगापलीकडे काही उघडलं जात नव्हतं, अशा आजोबांच्या स्क्रीनवरही मी हीच चित्रं आलेली पाहिली आहेत.

म्हणून जाहिरातीवरून माणूस ओळखता येत नाही. ती फक्त एवढंच सांगते की या मशीनमध्ये काहीतरी घुसलंय.

आता ते घुसलं कसं? कन्व्हर्टर टाकलंत तो दिवस आठवा. फाईलवर डबल क्लिक, मग खिडक्यांमागून खिडक्या: नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री. सर वाट बघत होते, तुम्हाला काम संपवायचं होतं. त्यातल्या एका खिडकीत दोन पर्याय असतात. एक ठळक, हिरव्या किंवा निळ्या ठिपक्याने आधीच निवडलेला: 'एक्स्प्रेस' किंवा 'रेकमेंडेड'. दुसरा त्याच्या खाली करड्या, फिकट अक्षरांत: 'कस्टम' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड'. इतका फिकट, की तो पर्याय चालू आहे की बंद तेच कळू नये. त्या फिकट पर्यायावर क्लिक केलं तरच आतली यादी उघडते. होमपेज बदलू का, सर्च बदलू का, अमुक पट्टी बसवू का, तमुक 'पीसी बूस्टर' टाकू का. आणि प्रत्येकापुढे टिक आधीच मारलेली. 'फुकट' कन्व्हर्टर देणाऱ्याची कमाई तिथे असते. ज्या कॉम्प्युटरवर ती पट्टी बसेल, त्या प्रत्येकामागे त्याला पैसे मिळतात.

हे गल्लीबोळातल्या सॉफ्टवेअरपुरतंच होतं असंही समजू नका. जावा हे बँकांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत लागणारं सॉफ्टवेअर, ओरॅकलसारख्या बड्या कंपनीचं. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये कित्येक वर्षं 'आस्क टूलबार'ची टिक आधीच मारलेली असायची. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या टूलबारच्या जुन्या आवृत्त्या नकोशा सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक प्रकरण बाहेर आलं. लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचं, पानांमध्ये जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरून येत होतं, आणि ते काढण्याचं साधन शेवटी कंपनीलाच द्यावं लागलं. विचार करा, खोकं फोडून पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हाच ते आत होतं. त्या घरातल्या कुठल्या मुलाला कुणी काय विचारावं?

दुकानदार तुमच्याशी खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. अश्लील साइट, फुकट सिनेमे डाउनलोड करायच्या साइट, क्रॅक केलेले (म्हणजे पैसे न भरता चालावेत म्हणून कुलूप तोडलेले) गेम यांतूनही हीच घाण येते. पण मशीन न उघडता, तारखा न बघता, घरात कोण कोण आहे हे माहीत नसताना त्याने एक वाक्य टाकलं. ते वाक्य तुम्ही घरी आणलंत आणि तेव्हापासून ते तुमच्या हॉलमध्ये मुक्कामाला आहे.

हे मी लांबून सांगत नाही. २०१२ साली मी साताऱ्यात एमएस-सीआयटीचे वर्ग घेत होते, म्हणजे यातलं मला कळतं असं घरातही सगळे धरून चालायचे. आमच्या कॉम्प्युटरवर अशीच पट्टी आली, पाठोपाठ तसल्याच जाहिराती. धाकटा भाऊ तेव्हा कराडला इंजिनिअरिंगला होता, शनिवार-रविवार घरी यायचा. मी त्याला आईसमोर बोलले. तो "ताई, मी नाही" एवढंच म्हणाला. दोन महिन्यांनी कशासाठी तरी मी इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची यादी उघडली, तर ती पट्टी आणि मी टाकलेलं दिनदर्शिकेचं एक सॉफ्टवेअर, दोघांपुढे एकच तारीख. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये वार पाहिला. मंगळवार. मंगळवारी भाऊ कराडला असायचा. मी माफी मागितली, तो "जाऊ दे" म्हणाला. पण त्यानंतर तो माझ्या कॉम्प्युटरपाशी कधी बसला नाही. म्हणून तुमचं 'तो हॉलमध्ये बसत नाही' हे वाक्य वाचून मला हे पत्र बाकीच्या पत्रांच्या आधी घ्यावंसं वाटलं.

आता साफसफाई. घाई नको, सुट्टीचा अर्धा दिवस ठेवा. आधी प्रबंध, कागदपत्रं, मुलीचे प्रकल्प पेनड्राइव्हवर घ्या. फक्त फायली घ्या, डाउनलोड केलेले इन्स्टॉलर नकोत. आणि सगळं मिटेपर्यंत या मशीनवरून बँकेचं किंवा वीजबिलाचं काही करू नका. लागेल ते फोनवरून करा, आणि मेलचा, बँकेचा पासवर्डही फोनवरूनच बदलून टाका.

मग कंट्रोल पॅनेलमध्ये 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' उघडा. यादीत नावापलीकडे 'इन्स्टॉल्ड ऑन' असा रकाना दिसेल. त्याच्या शीर्षकावर एकदा क्लिक करा, यादी तारखेप्रमाणे लागेल. श्रावणातल्या त्या दिवशी कन्व्हर्टरच्या अंगाला अंग लावून आणखी कोण आलंय ते बघा. नावात सर्च, कूपन, बूस्टर, ऑप्टिमायझर, हेल्पर असं काही असेल आणि ते तुम्ही मागितलेलं नसेल, तर काढा. कन्व्हर्टरही काढा, पीडीएफ उघडून वर्डमध्ये करायची सोय वर्डमध्येच २०१३च्या आवृत्तीपासून आहे. स्कॅन केलेली पानं किंवा जुने मराठी फाँट असतील तर ती पुरी पडत नाही, तिथे तुम्हाला टाइपच करावं लागेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस' लिहिलेल्या चार-सहा ओळी, प्रिंटरची, इंटेलची नावं दिसली तर त्यांना हात लावू नका. श्रीलिपी किंवा आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, ज्याच्यावर तुमचं पोट आहे, त्यालाही नाही.

काढतानाही ही सॉफ्टवेअर सरळ जात नाहीत. "तुम्हाला खरंच सगळं संरक्षण गमवायचं आहे का?" असं विचारतात. मोठं रंगीत बटण असतं ते ठेवण्याचं, आणि काढण्याचा पर्याय त्याच्या खाली बारीक अक्षरांत. प्रत्येक खिडकी पूर्ण वाचा. घरातल्या दुसऱ्या माणसाने शेजारी बसून मोठ्याने वाचलं तर आणखी बरं.

त्यानंतर क्रोम. ज्याला तुम्ही पट्टी म्हणता, तिला इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात टूलबार म्हणायचे. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने ते ब्राउझर निवृत्त केलं, पण ही जमात गेली नाही. आता ती 'एक्स्टेन्शन' होऊन येते. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून एक्स्टेन्शन्सच्या पानावर जा आणि ओळखीचं नसेल ते 'रिमूव्ह' करा. नुसतं बंद करून ठेवू नका. मग सेटिंग्जमध्ये 'रिसेट सेटिंग्ज' नावाचा पर्याय शोधा. त्याने सर्च इंजिन, पहिलं पान, नव्या टॅबचं पान हे सगळं मूळ जागी येतं. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात, त्यामुळे भिऊ नका. फक्त काही साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागेल.

इथे पुष्कळ लोक फसतात. क्रोममध्ये तुमचं जीमेल घातलेलं असेल आणि सिंक (एका कॉम्प्युटरवरची क्रोमची मांडणी दुसऱ्यावरही आपोआप नेणारी सोय) चालू असेल, तर तेच एक्स्टेन्शन तुमच्या खात्याला जोडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही बसलेलं असू शकतं आणि तिथून परत येतं. मिस्टरांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर कधी तुमच्या मेलने लॉगिन केलं असेल तर तिथेही बघायला सांगा.

डेस्कटॉपवरचं क्रोमचं चित्रही तपासा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'ची ओळ. ओळीच्या शेवटी कुठल्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा खोडा. सगळं काढूनही क्रोम उघडताच तेच पान येत असेल, तर अनेकदा कारण एवढंच असतं.

कोपऱ्यातल्या त्या जाहिरातींबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण घर हललंय ते त्यांच्यामुळे. त्या पट्टीच्या नसाव्यात असा माझा अंदाज आहे. खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर, सरकत आलेली चौकट म्हणजे बहुधा 'नोटिफिकेशन'. एखादी साइट पहिल्यांदा उघडली की वर छोटी विचारणा येते, त्यात दोन बटणं असतात: अलाऊ आणि ब्लॉक. काही लबाड साइट पानावर मोठ्या अक्षरांत लिहितात, 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' किंवा 'व्हिडिओ सुरू होण्यासाठी अलाऊ दाबा'. दाबलं की झालं. ती साइट पुन्हा कधीही न उघडता ती कोपऱ्यात काहीही पाठवू शकते. हे दाबणारा माणूस मालिकेचा चुकलेला भाग शोधत असेल, निकाल बघत असेल, रेसिपी बघत असेल. तुमच्या घरात पाच माणसं तो माउस हाताळतात आणि त्यांच्यापैकी कुणीही हे बटण दाबलेलं असू शकतं, सासूबाईंनीसुद्धा.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. 'अलाऊड' खाली परवानगी मिळालेल्या साइटची यादी असते. अगम्य नावाच्या सगळ्या काढून टाका. तिथेच वर, साइटनी परवानगी मागूच नये असाही पर्याय आहे, तो निवडून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या मुलीसमोर जे आलं ते बहुधा एवढ्यानेच थांबेल. बाकी काही जमलं नाही तरी हे आजच करा.

आणि त्या चौकटींमधून 'व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा' असं आलं, सायरन वाजला, स्क्रीन भरून गेली, तरी फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांत फोन नंबर देत नाही. समोरचा माणूस गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा घेतो आणि मग खात्यातले पैसे जातात. हे सासूबाईंना आणि मुलांनाही सांगून ठेवा. कधी चुकून पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

शेवटी तपासणी. विंडोजबरोबर येणारं 'विंडोज सिक्युरिटी' पुष्कळ काम करतं. त्यात 'फुल स्कॅन' लावा आणि जेवायला बसा. त्याच्याच 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये रेप्युटेशनच्या संरक्षणाचं एक पान आहे. तिथे 'पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग' असा खटका दिसेल, तो चालू आहे ना बघा. कन्व्हर्टरबरोबर आलेल्या असल्या पाहुण्यांसाठीच तो आहे. मग मालवेअरबाइट्सचं 'अ‍ॅडक्लीनर' चालवा. ते फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि पट्ट्या-सर्च काढण्यासाठीच बनवलेलं आहे. मात्र ते मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. गुगलवर नाव टाकलं की सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेल्या ओळी येतात, त्यांवर क्लिक करू नका. औषध शोधताना पुन्हा तोच आजार घरी येतो. भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून आहे, त्यांच्या साइटवरही मोफत साधनं मिळतात.

एवढं करूनही दोन दिवसांत सगळं परत आलं, किंवा क्रोमच्या मेन्यूत खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी ओळ दिसली, तर माणसाला बोलवा. ती ओळ काही अँटिव्हायरसमुळेही येते, पण घरच्या कॉम्प्युटरवर ती असेल तर कुणीतरी आत खुंटी ठोकून ठेवली आहे का हे बघायला हवं. ती खुंटी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) किंवा टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यादीत) असते, तिथे माहिती नसताना हात घालू नये.

माणूस बोलवा म्हणते तेव्हा चांगला कारागीर बघा. दुरुस्तीवाल्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी करणारे कैलास काटकर मूळचे आपल्याकडचेच, सातारा जिल्ह्यातले. रेडिओ, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटरकडे वळले. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये व्हायरस दिसत होते, तेव्हा भाऊ संजय यांनी ते काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. आधी उघडून बघायचं, मग बोलायचं, असा कारागीर सांगलीतही मिळेल. त्याला तारखेचा रकाना दाखवा आणि 'हे कशाबरोबर आलं?' एवढंच विचारा.

फॉरमॅट मारायला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला, मी सरसकट नाही म्हणत नाही. २०१९च्या महापुरात तुमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं असेल. लोकांनी गाळ उपसला, भिंती धुतल्या, फरश्या घासल्या. घर पाडायला निघालं ते ज्याचा पायाच खचला तेवढंच. तुमचा पाया खचलाय असं पत्रावरून दिसत नाही. फॉरमॅटचं नुकसानही आहे: टायपिंगचं सॉफ्टवेअर, फाँट, प्रिंटर, सगळं नव्याने बसवावं लागेल, आणि लायसन्सचा कागद सापडला नाही तर आठवडाभर काम बंद. विंडोजमध्येच 'कीप माय फाइल्स' म्हणून रिसेट आहे, त्यात फायली राहतात, पण टाकलेली सॉफ्टवेअर जातात, हे लक्षात ठेवा.

दुकानात देणारच असाल तर आधी विचारा: विंडोज कुठलं टाकणार, आणि त्याचं लायसन्स बिलावर लिहून देणार का? पुष्कळ ठिकाणी पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेलं विंडोज टाकतात आणि ते चालावं म्हणून 'अ‍ॅक्टिव्हेटर' चालवतात. तो चालवण्यासाठी आधी संरक्षण बंद करावं लागतं. मग दीड हजार देऊन आपण नवं दार उघडून घेतलेलं असतं. तुम्ही मशीन विंडोज १० चं लिहिलंय. त्याची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहे. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर या मशीनवर ११ चालेल का हे आधी विचारा आणि तो दीड हजार तिकडे लावा.

मशीन साफ झाली की एक काम नक्की करा. आत्ता सगळे एकाच खात्यातून बसतात. विंडोजमध्ये तीन खाती काढा. एक तुमच्या कामाचं, एक दोन्ही मुलांचं, एक सासूबाईंचं. तिन्ही 'स्टँडर्ड' प्रकारची. चौथं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड घातलेलं, ज्यात कुणी रोज बसणार नाही. आता कुणी, तुम्हीसुद्धा, काही इन्स्टॉल करायला गेलं की बहुतेक वेळा तो पासवर्ड मागितला जाईल. सगळं अडेल असं नाही, एक्स्टेन्शन तरीही बसतात, पण 'नेक्स्ट नेक्स्ट'च्या भरात थांबायला एक जागा मिळते. नियम सगळ्यांना सारखा ठेवा. एकट्या भाच्यासाठी केलेला नियम त्याला कळेल, आणि तुमच्या मुलीलाही कळेल.

आता मुलाबद्दल. तुम्ही विचाराल, समजा त्याने खरंच काही बघितलं असेल तर? असू शकतं, तो सोळा वर्षांचा आहे. पण मग तो विषयच वेगळा आहे. त्याच्याशी त्याच्या मामांनी, दोघंच फिरायला गेलेले असताना, न ओरडता बोलायचा विषय. कॉम्प्युटरच्या जाहिरातीला पुरावा करून बोलायचा नव्हे. हिस्ट्री उघडून शोधाशोध करू का, असंही तुमच्या मनात येईल. माझं स्पष्ट मत, करू नका. पाच जणांची हिस्ट्री एकाच ठिकाणी आहे, त्यातली कुठली ओळ कुणाची हे तुम्हाला कळणार नाही, आणि दिसलेली ओळ नंतर मनातून जाणार नाही.

वन्संना आज काय सांगणार तुम्ही? "कॉम्प्युटरवर जाहिराती येतात" एवढंच तुम्हाला खात्रीने माहीत आहे. त्यापुढचं जे काही सांगाल ते दुकानदाराचं वाक्य असेल, तुमच्या तोंडून गेलेलं. जतहून मुलाला मामाकडे पाठवणाऱ्या आईने ते ऐकलं की ती फोन ठेवेल आणि मुलाला घेऊन जाईल. होस्टेलचं म्हणाल तर ती वाईट गोष्ट नाही. त्याच्या अभ्यासासाठी, तुमच्या घरातल्या जागेसाठी तो विचार पुढे जरूर करा. पण या कारणाने आणि या महिन्यात नको. आत्ता तो गेला तर त्याच्यासाठी, आणि घरातल्या सगळ्यांसाठी, त्याचं एकच कारण असेल.

आणि कन्व्हर्टरच्या तारखेपुढे तीच पट्टी निघाली, तर स्वतःला बोल लावत बसू नका. ती खिडकी फसवण्यासाठीच बनवलेली होती, आणि तुम्ही काम संपवायला बसला होता. मुलाला मात्र सांगा. "मामीच्या हातून टाकलं गेलं होतं, मला आधी बघायला हवं होतं" इतकं पुरे आहे. लांबण लावू नका, सोळा वर्षांच्या मुलांना अवघडल्यासारखं होतं. सासूबाईंच्या समोर सांगा, कारण संशय त्यांच्याही समोरच घेतला गेला होता.

रविवारी सकाळी बसणार असाल तर साफसफाईला त्यालाच शेजारी घ्या. खिडक्यांमधली बारीक अक्षरं त्याला वाचायला सांगा, मुलीलाही बोलवा. यादी तारखेप्रमाणे लावायचं क्लिक त्याला करू द्या. आणि वाय-फायचा नवा पासवर्ड त्याला सुरुवातीलाच द्या, सगळं सापडल्यावर नाही.